मडक्यातला बाप

मासे मला कधीच आवडले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या मल्लेश्वरमच्या घरातल्या टाक्यांची गोष्ट निघाली की ऐकणारे उगाच हळवे होतात, आणि हळव्या माणसांचा मला कंटाळा आहे. ते मासे दिसायला कुरूप होते. काळपट अंग, त्यावर फिकट ठिपके, सपाट पोट, तोंड खालच्या बाजूला. त्या तोंडानं काचेला चिकटून शेवाळ खरवडत बसायचं, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. नराच्या नाकावर मऊ काट्यांसारख्या मिशा फुटलेल्या असत, म्हणून अप्पा त्याला मिशाळ्या म्हणायचे. अशा प्राण्यासाठी मी काकड्या कापल्या, पाणी शिळं करून ठेवलं, त्याची वीण व्हावी म्हणून देव पाण्यात घालून बसले. माया म्हणून यातलं काही केलं नाही. वरची पुढची खोली चिकप्पाच्या घशात जाऊ नये, एवढ्यासाठी केलं.

चिकप्पा म्हणजे माझा धाकटा काका. आमचं घराणं बेंगळुरात इतक्या पिढ्या राहिलं की नात्यांची नावंसुद्धा अर्धी कानडी झाली, काका-काकूंचे चिकप्पा-चिकम्मा झाले. समोर असताना मी त्याला तुम्ही म्हणायचे. इथं कागदावर अरेतुरे करते आहे आणि त्यात मला बरं वाटतं. आजोबा गेल्यावर घराची वाटणी तोंडी झाली. खाली चिकप्पा आणि चिकम्मा, वर आई, अप्पा आणि मी. तोंडी वाटणीत ज्याचं तोंड मोठं त्याचा वाटा मोठा. पुढचं दार चिकप्पाकडे गेलं आणि आम्ही बाजूच्या लोखंडी जिन्यानं ये-जा करू लागलो. अंगणातल्या माडाचे नारळ खाली गेले, वाळक्या झावळ्या तेवढ्या आमच्या गच्चीवर पडायच्या. अप्पा पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कारखान्यात लेथवर कामाला होते. घरी आले की साबणाच्या पुडीनं कोपरापर्यंत हात घासत उभे राहायचे, आई शेजारी उभी राहून दिवसभरातले अन्याय एकेक करून सांगायची, आणि सगळं ऐकून अप्पा म्हणायचे, ‘असू दे की.’ या उत्तराचा मला जितका राग आला तितका चिकप्पाचासुद्धा आला नसेल.

आमच्या घरात ओरडून भांडण झाल्याचं मला आठवत नाही. भांडायची ती भांडी. खाली चिकम्मा कढई शेगडीवर आपटायची. वर आई खलबत्ता नेमका चिकप्पाच्या पलंगाच्या डोक्यावर येईल अशा जागी ठेवून सुंठ कुटायची. चिकप्पा बँकेत निघताना फाटक असं लोटायचा की माझ्या टाकीतलं पाणी हलायचं. थंडीत अवरेकाईचा, म्हणजे वालाच्या शेंगांचा, हंगाम आला की दोन्ही घरांत शेंगा सोलायचा एकच धडाका सुरू व्हायचा, दोन्हीकडे त्याच दाण्यांची हुळी, म्हणजे आमटी, शिजायची, दोन्ही वास जिन्यात एकमेकांना भेटायचे. चिकम्मा धारवाडकडची, तिच्या हुळीत काळा मसाला जास्त, आईच्यात खोबरं जास्त. शेंगा एका बाजारातल्या, हातगाडीसुद्धा एकच, पण वाटी म्हणून कधी जिना चढली नाही की उतरली नाही. आता मी एकटी राहते, अवरेकाई सोललेली पिशवीत मिळते, आणि तिला वास कसलाच येत नाही.

वर दोन खोल्या. मागच्या खोलीत स्वयंपाक आणि आई-अप्पांचं अंथरूण. पुढची माझी, म्हणजे माझी आणि टाक्यांची. अप्पांच्या कारखान्यातला एक सोबती कायमचा गावी गेला तेव्हा त्यानं आपल्या काचेच्या दोन टाक्या अप्पांच्या गळ्यात मारल्या. नको म्हणता येईल तर ते अप्पा कसले. खिडकीतल्या उन्हानं काचा हिरव्या व्हायला लागल्या, तेव्हा मार्केटातल्या मासेवाल्यानं शेवाळावर उपाय म्हणून मद्रासहून आलेली मिशाळ्यांची जोडी दिली. हवेचा पंप दिवसभर घरघरायचा, त्याच्याखाली मी जुना टॉवेल घडी करून ठेवला होता. त्या घरघरीत मी अभ्यास केला, झोपले, एकटीनं दात-ओठ खाल्ले. खोलीला दार होतं आणि दाराला आतून कडी होती. एकत्र घरातल्या मुलीला आतून लागणारी कडी म्हणजे काय, हे जिला ती जन्मापासून मिळाली आहे तिला नाही कळायचं. मला ती कॉलेजात गेल्यावर मिळाली होती, आणि ती काढून घेऊ पाहणाऱ्याचा हात मी चावला असता.

नव्वदीचं ते दशक अर्ध्यावर आलं होतं आणि बेंगळुरात बाहेरगावची कॉम्प्युटरवाली पोरं उतरायला लागली होती. ज्याच्या घरी खोली त्याच्या घरी दिवाळी. चिकप्पाच्या बँकेतल्या कुणाचा तरी पुतण्या मुंबईहून येणार होता. एका रविवारी चिकप्पा आमचा जिना चढून वर आला, मागच्या खोलीच्या उंबऱ्यात उभा राहिला आणि बसायला पाट दिला तरी बसला नाही.

‘अण्णा, पुढची खोली रिकामी करून दे. पोरगा चांगला आहे, सॉफ्टवेअरवाला.’

‘तिथं रेणू राहते,’ अप्पा म्हणाले.

‘रेणूचं काय, आज इथं, उद्या सासरी. हुबळीचं एक स्थळ बघतोय की मी. आणि खोलीत टाक्याच जास्त आहेत. सुम्ने, उगाच जागा अडवून ठेवलीय माशांनी. विकून टाक.’

अप्पा हात पुसत राहिले. ‘बघू,’ म्हणाले. आमच्याकडे ‘बघू’ हा ‘असू दे’चा धाकटा भाऊ होता. मी दारात उभी राहून ऐकत होते. मला कुणी काही विचारलं नाही.

त्याच आठवड्यात मिशाळ्याच्या मादीनं अंडी घातली. टाकीच्या कोपऱ्यात दह्याचं एक मातीचं मडकं आडवं ठेवलेलं होतं. काठ फुटला म्हणून आईनं टाकायला काढलं होतं आणि अप्पांनी ते माशांना लपायला दिलं होतं. मिशाळ्या त्या मडक्याचं तोंड अंगानं अडवून बसला आणि हलेना. काकडीची चकती अगदी नाकाशी नेली तरी हलेना. मादी जवळ आली की तिला शेपटीनं हाणून हाकलायचा. अप्पांनी बॅटरी मारली तेव्हा त्याच्या पोटामागे केशरी दाण्यांचा गोळा दिसला, भिजवलेल्या साबुदाण्यावर केशर पडल्यासारखा. तो पंखांनी त्याला सारखा वारा घालत होता. ‘या जातीत बापच राखण करतो,’ अप्पा म्हणाले, आणि जेवायला गेले. मी मात्र तिथंच बसून राहिले, कारण माझ्या डोक्यात चिकप्पाचा बूट आला होता.

बुटाचं सांगायला हवं. चिकम्माला मूलबाळ नव्हतं. लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर एका जोतिष्यानं सांगितलं की या घरात पूर्वी कुणीतरी नागाची अंडी फोडली आहेत, त्याचा दोष आहे. तिनं पिंपळाखाली दगडी नाग बसवला, मंगळवारी त्याला दूध घालायला जाऊ लागली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरादारात कुठल्याही जिवाची अंडी हलवायला बंदी झाली. एकदा चिकप्पाच्या ऑफिसच्या बुटात पालीनं अंडी घातली. पालीची. ती फुटेपर्यंत तो बँकेत चपला घालून गेला, आणि मॅनेजरनं विचारलं तेव्हा पायाला जखम झाल्याचं त्यानं सांगितलं. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. चिकप्पा जगात एकाच माणसाला भ्यायचा, आणि ते माणूस एकाच गोष्टीला भ्यायचं.

दुसऱ्या दिवशी मी खाली गेले, तेही पुढच्या दारानं. चिकम्मा कोसंबरीसाठी काकडी चोचवत बसली होती.

‘चिकम्मा, वर टाकीत माशाची अंडी झालीत,’ मी म्हटलं. ‘चिकप्पा टाक्या काढा म्हणतात. काढताना ती मरणार. मी आपलं कानावर घालायला आले.’

तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मी हे कशासाठी सांगते आहे ते तिला पुरतं कळलं. ‘मोठी हुशार झालीस की,’ ती म्हणाली. सुरी पुन्हा चालू झाली. पण संध्याकाळी खालून तिचा आवाज आमच्या फरशीतून वर आला. ‘त्या अंड्यांची पिल्लं होईपर्यंत वरच्या खोलीला हात लावायचा नाही. सांगून ठेवते.’

दुखऱ्या जागेवर बोट ठेवते आहे हे मला ठाऊक होतं. चांगलं दाबून ठेवलं. हे वाचून कुणाला माझी कीव किंवा किळस येत असेल तर येवो. माझ्याकडे दुसरं हत्यार नव्हतं, आणि त्यांनी माझ्याकडे दुसरं काही शिल्लकही ठेवलं नव्हतं.

चिकप्पानं त्याचा राग पाण्यावर काढला. बेंगळुरात तेव्हा कावेरीचं पाणी एक दिवसाआड पहाटे यायचं, ते जमिनीखालच्या टाकीत, ज्याला आम्ही संप म्हणतो, त्यात साठायचं, आणि तिथून मोटरनं वर चढायचं. वर चढणाऱ्या पाइपाची किल्ली जिन्याखाली होती. चिकप्पानं ती पिळून बंद केली. ती पिळताना जो किंचाळल्यासारखा आवाज झाला तो मला अजून ओळखता येईल. आम्हाला राहिलं बोअरवेलचं जड पाणी, ज्यात डाळ शिजत नाही आणि डोक्यावर साबण फेसाळत नाही. आईनं हे अप्पांना सांगितलं. अप्पांनी काय उत्तर दिलं असेल ते लिहायची गरज नाही. आणि रोज सकाळी दाढी करता करता चिकप्पा जिन्याखालून हाक मारू लागला, ‘फुटली का गं अंडी?’

आता चिकम्माचं. तिनं बंदी घातली तर खरी, पण अंडी म्हणजे काय ते बघितल्याशिवाय तिला राहवेना. मी कॉलेजात आणि आई रेशनच्या रांगेत असताना ती वर आली. मी संध्याकाळी घरी पोचले तेव्हा ती माझ्या खुर्चीत बसली होती, तिच्या पदराची टोकं ओली होती, आणि चेहऱ्यावर असं समाधान होतं जे मी तिच्या तोंडावर त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

‘तुझ्या त्या मिशीवाल्याला बाहेर काढलं मी,’ ती म्हणाली. ‘त्या दुसऱ्या टाकीत सोडलंय. आई बिचारी बाहेर घिरट्या घालायलीय आणि हा आत पसरलाय. बाळंतिणीच्या खोलीत बाप्याचं काय काम? आमच्यात नवरा दहा दिवस उंबऱ्यात येत नाही. आता बघ, आत घातलंय तिला, कशी पोरांपाशी गेली.’

मी टाकीत बघितलं. मादी मडक्यात होती आणि खात होती. केशरी गोळ्याचा लचका निघालेला दिसत होता. मी तिला हातानं ओढून बाहेर काढलं, नराला परत आणून सोडलं, पण तो मडक्याकडे फिरकलाच नाही. लाकडाच्या तुकड्यामागे जाऊन बसला. उरलेली अंडी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पांढरी पडली आणि त्यांच्यावर कापसासारखी बुरशी आली.

मी ते मडकं तसंच हातात घेऊन जिना उतरले. चिकम्मा मागच्या पायरीवर तांदूळ निवडत होती. मी मडकं तिच्या सुपाशेजारी ठेवलं.

‘त्यांच्यात बाप राखतो,’ मी म्हटलं. ‘आई खाते. तुम्ही बापाला काढलंत. ही बघा.’

ती बघत राहिली. माझ्या मनात तेव्हा फक्त खोली होती, खोली गेली म्हणून मी धुमसत होते, आणि हिचं तोंड पांढरं पडलेलं बघून मला गार वाटलं. तेवढ्यात आतून चिकप्पाचा आवाज आला. तो त्या दिवशी लवकर घरी आला होता. ‘काय म्हणतेय रेणू? फुटली का अंडी?’

चिकम्मानं सुपातले तांदूळ मडक्यावर लोटले. दोन्ही हातांनी, मडकं पार झाकेपर्यंत.

‘अजून आहेत,’ ती म्हणाली. ‘थंडी आहे ना. उशीर लागायलाय.’

बोलायचं कशाला? अंडी संपली म्हटलं की खोली माझी जाणार होती. अंडी संपली म्हटलं की ती कुणी संपवली ते तिला सांगावं लागणार होतं, ते तिच्या नवऱ्याला आणि त्याहून मोठ्या कुणाला तरी. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो आणि एकमेकींचा मनापासून तिरस्कार करत होतो. त्या क्षणी आमची युती झाली. जगात बऱ्याच युत्या अशाच होत असाव्यात, पण मला राजकारणातलं कळत नाही.

मडकं घासून पुन्हा टाकीत गेलं, रिकामं. मिशाळ्या सवयीनं त्याच्या तोंडाशी जाऊन बसू लागला. सकाळी चिकप्पाची हाक आली की मी वरून ‘नाही’ म्हणायचे आणि खालून चिकम्मा ‘घाई काय आहे’ म्हणायची. पण हे किती दिवस चालणार? कोंबडीसुद्धा एवढी बसत नाही, असं तो म्हणायला लागला होता. मी मासेवाल्याकडे गेले. तो खवट माणूस, गिऱ्हाइकाकडे न बघता जाळी झटकत बोलायचा. पुन्हा अंडी कशी होतील विचारल्यावर त्यानं मला वेड्यात काढलं. बोअरच्या पाण्यात ही जात अंडी देणार नाही, म्हणाला. यांच्या नदीला थंड, मऊ पाण्याचा लोंढा आला की हे वीण करतात. कावेरीचं पाणी शिळं करून गार गार घाल, जुनं निम्मं काढून टाक, पोटाला काकडी-पालक भरपूर दे, बाकी माझं डोकं खाऊ नको.

कावेरीचं पाणी खाली होतं. मी ते मागायला गेले नाही, माझी जीभ झडली असती. मी फक्त मागच्या पायरीशी उभी राहून आईला मोठ्यानं सांगितलं की नळाचं पाणी असतं तर पुन्हा अंडी झाली असती, पण इथं कुठलं नशीब. पायरीच्या आतल्या बाजूला बांगड्या वाजायच्या थांबल्या.

दुसऱ्या सकाळी चिकप्पा बँकेत गेल्यावर लोखंडी जिन्यावर पावलं वाजली. चिकम्मा स्टीलची कळशी कमरेवर घेऊन वर आली. तिचे गुडघे दुखायचे, ती प्रत्येक पायरीला थांबत होती. मी तिच्या हातातून कळशी घ्यायला पुढे झाले नाही. तिनं ती माझ्या खोलीत दाणकन ठेवली.

‘तुझ्यासाठी नव्हे,’ ती म्हणाली.

‘माहीत आहे,’ मी म्हटलं.

मग हे रोजचंच झालं. ती पाणी आणायची, मी ते बादलीत उघडं ठेवून औषधाचा वास घालवायचे, मग नळीनं टाकीतलं जुनं पाणी ओढून नवं घालायचे. ती खुर्चीत बसून बघायची आणि चुका काढायची. काकडी जाड कापलीस. पालक उकळून घाल, कच्चा कोण खातं. तुझ्या आईला साधी फडकी धुता येत नाहीत का? मीही काही मागे राहत नव्हते. एकदा म्हटलं, हात तेवढे टाकीबाहेर ठेवा. त्यावर ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी कळशी घेऊन पुन्हा आली.

चिकप्पाच्या लक्षात आलं ते संपातलं पाणी कमी होताना बघून. एका सुट्टीच्या दिवशी मित्राकडे जातो म्हणून तो निघाला आणि गल्लीच्या टोकावरून परत आला. चिकम्मा माझ्या खोलीत नुकतीच कळशी टेकवत होती, अप्पा मागच्या खोलीत पेपर वाचत होते, आणि हा दारात.

‘माझ्या संपाचं पाणी माझी बायको यांच्या माशांना वाहते?’ तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच मला भीती वाटली. ‘अंडी अंडी करून मला खुळा बनवला सगळ्यांनी. दाखव कुठं आहेत.’

‘हात घालू नका,’ चिकम्मा म्हणाली.

त्यानं शर्टाची बाहीसुद्धा वर केली नाही. टाकीत हात घातला आणि मडकं उपसून बाहेर काढलं. पाणी त्याच्या पँटवर, माझ्या पुस्तकांवर, फरशीवर. मी भिंतीला टेकले. मडकं रिकामं आहे हे मला माहीत होतं, चिकम्माला माहीत होतं, आणि आता त्यालाही कळणार होतं. खोली गेली, कडी गेली, हुबळीचं स्थळ आलं, एवढं सगळं माझ्या डोक्यातून गेलं. त्यानं मडक्यात बोटं घातली आणि विव्हळून मागे घेतली. मिशाळ्या आतच होता. पाण्याबाहेर आला तरी तोंडानं मातीला घट्ट चिकटून बसला होता, आणि त्याच्या गालावर राग आला की उभे राहणारे काटे असतात ते त्यानं चिकप्पाच्या बोटात घातले होते. चिकप्पानं मडकं उजेडाकडे तिरकं केलं. आणि आम्हा तिघांनाही एकदमच दिसलं. माशाच्या मागे, मडक्याच्या तळाशी, केशरी गोळा होता.

कधी झाली होती कोण जाणे. तो दोन-तीन दिवस तोंड अडवून बसला होता, पण तसा तो एरवीही बसायचा, म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं.

चिकप्पा पुतळ्यासारखा उभा राहिला. या घरात अंडी उपसून काढणारा हात आता त्याचा होता. चिकम्मानं त्याच्या हातातून मडकं घेतलं, दोन्ही हातांनी, पूजेचं भांडं धरावं तसं, आणि टाकीत होतं तिथं अलगद टेकवलं. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, ‘खाली जा.’ तो गेला. बोटातून रक्त येत होतं, ते शर्टाला पुसत गेला. पुढे त्यानं आमचा जिना चढल्याचं मला आठवत नाही. त्या संध्याकाळी जिन्याखालची किल्ली पुन्हा किंचाळली आणि आमच्या नळाला कावेरी आली. ती कुणी उघडली ते मी विचारलं नाही.

अंडी फुटली. पिल्लं पोटाला पिवळी पिशवी लावून काही दिवस मडक्यातच बापाच्या मागे लोंबकळत राहिली, मग एका सकाळी तिळाएवढाली काचभर चिकटलेली दिसली. चिकम्माला वर्दी गेली. ती वर आली, चष्मा लावून खूप वेळ बघत राहिली, एकेका पिल्लावर नजर टेकवत. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पुसलं नाही. मला वाटलं, आता ही काहीतरी चांगलं बोलेल. मी त्याचीही तयारी केली होती.

‘सरी, ठीक,’ ती म्हणाली. ‘पिल्लं झाली. आता खोली सोडा.’

तिनं शब्द दिला होता तो अंड्यांना, आम्हाला नव्हे, आणि तो तिनं तंतोतंत पाळला होता. ती खोटं बोलली नव्हती, तिनं फसवलं नव्हतं. मला तिचा गळा धरावासा वाटला.

तेव्हा अप्पा बोलले. इथं एक सांगायला हवं. आमच्याकडे थोरल्या दिरानं धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नसतं. चिकम्मा लग्न होऊन आली तेव्हापासून अप्पा तिला जे काही सांगायचं ते आईला नाहीतर भिंतीला सांगायचे. त्या दिवशी ते दारात आले, आणि सरळ तिच्याकडे बघून म्हणाले, ‘पाणी तुम्ही आणलंत.’

आईच्या हातातला डाव पातेल्यात थांबला. चिकम्मानं पदर सावरला.

‘पिल्लांत निम्मा वाटा तुमचा,’ अप्पा म्हणाले. ‘ती कुठं न्यायची ते तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल त्या दिवशी खोली रिकामी करतो.’

हा डाव होता की निव्वळ भोळेपणा, मला आजतागायत कळलेलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी ‘असू दे की’ म्हटलं असतं. चिकम्मा टाकीकडे वळली. इतकी इवलीशी पिल्लं कळशीत घालून जिन्यानं उतरवायची, हे ती मनात करून बघत असावी. शेवटी म्हणाली, ‘खाली ऊन येत नाही. इथं शेवाळ बरं धरतंय.’ आणि मग, भिंतीला सांगितल्यासारखं, ‘राहू देत स्वल्प दिवस.’

ते स्वल्प दिवस कधी संपले नाहीत. सॉफ्टवेअरवाला पोरगा कोरमंगलाला तीन-चार मित्रांबरोबर राहायला गेला. हुबळीच्या स्थळाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. खोली वाचली. सगळे म्हणतात, केवढी जिंकलीस तू. हे म्हणणाऱ्यांना मी पुढचं सांगते. दुसऱ्या दिवसापासून चिकम्मा रोज दुपारी वर येऊ लागली. माझ्या खुर्चीत बसायची, माझ्या टेबलावर काकडी चोचवायची, थोडी टाकीत आणि थोडी स्वतःच्या तोंडात. पाय दुखले की माझ्या अंथरुणावर कलंडायची. मी आतून कडी घातली तर ती दार वाजवायची आणि म्हणायची, ‘उघड गं, माझी पिल्लं आहेत.’ अप्पांनी आयुष्यात एकदाच नीट वाटणी केली, आणि तीही माझ्या खोलीची. मी त्यांच्याशी पुष्कळ दिवस बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, कोण जाणे.

आम्ही दोघी मैत्रिणी झालो नाही. ती मला लावालावी करणारी पोरगी म्हणायची, मी तिला मनात काय काय म्हणायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्या मडक्यानंतर पुन्हा कितीतरी वेळा वीण झाली, टाक्या वाढल्या, गल्लीतल्या निम्म्या घरांत आमचे मिशाळे गेले. ती प्रत्येक पिल्लाला कुठं दिलं ते लक्षात ठेवायची आणि बाजारात त्या बायका भेटल्या की चौकशी करायची. आणि पहिल्या अंड्यांचं काय झालं, ते तिनं मरेपर्यंत नवऱ्याला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. आज दोघंही नाहीत, म्हणून लिहिते आहे.

मला दुसऱ्या गावी नोकरी लागली आणि मी माझ्या पायांनी ती खोली सोडली. रिक्षा फाटकाशी उभी होती. आई रडत होती, अप्पा माझी ट्रंक दोरीनं बांधत होते. चिकम्मा त्या दिवशी पहिल्यांदाच पुढच्या दारात माझ्यासाठी उभी होती. मी वाकून नमस्कार केला. तिनं हात पुढे केला. मला वाटलं, डोक्यावर ठेवेल.

‘किल्ली,’ ती म्हणाली. ‘खोलीची.’

मी पर्समधून काढून तिच्या तळहातावर ठेवली. एवढं सगळं झाल्यावर काहीतरी टोचणारं बोलल्याशिवाय जायचं नाही, असं मी ठरवलं होतं, आणि ते मी बोलले.

‘बाप आत बसलेला असताना मडक्याला हात लावायचा नाही.’

तिनं किल्ली कमरेला खोचली.

‘माहीत आहे,’ ती म्हणाली.